डीआर ऑटोमेशन: बटण दाबण्याआधीचं आणि नंतरचं काम

वित्तीय क्षेत्रातल्या एका मोठ्या कंपनीचं डीआर (डिझास्टर रिकव्हरी, म्हणजे मुख्य डेटा सेंटर बंद पडलं तर दुसऱ्या सेंटरवरून काम चालू करण्याची व्यवस्था) कागदावरच्या रनबुकमधून (पायऱ्यांच्या लेखी यादीतून) बाहेर काढून ऑटोमेशनवर नेण्याच्या कामात जे शिकायला मिळालं, ते इथे लिहितो. मुख्य डेटा सेंटर नवी मुंबईत, डीआर हैदराबादला. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिमी पाऊस झाला. १२ ऑक्टोबर २०२० ला मुंबई आणि आसपासच्या शहरांची वीज एकाच वेळी गेली. मुख्य सेंटर मुंबई परिसरात असेल तर डीआर त्याच परिसरात का नको, हे या दोन तारखा पुरेसं सांगतात.

सुरुवात आरटीओ आणि आरपीओपासून, म्हणजे सिस्टिम किती वेळात उभी राहायला हवी आणि किती मिनिटांचा डेटा गेला तर चालेल. थेट विचारलं तर प्रत्येक विभाग ‘शून्य’ म्हणतो. प्रश्न असा विचारायचा: महिन्याच्या एक तारखेला सकाळी अकरा वाजता ही सिस्टिम दोन तास बंद राहिली तर कोणतं देणं चुकेल, कोणत्या नियामकाला कळवावं लागेल, आणि गेलेल्या नोंदी कागदावरून किंवा समोरच्या पक्षाच्या फाइलवरून पुन्हा भरता येतील का? उत्तरं लगेच वेगळी येतात आणि सिस्टिमचे तीन-चार गट आपोआप पडतात.

वेळेच्या हिशोबात एक भाग हमखास सुटतो, तो निर्णयाचा. २४ फेब्रुवारी २०२१ ला एनएसईचं कामकाज जवळपास चार तास थांबलं. त्यानंतर महिन्याभरात सेबीने शेअर बाजार, क्लिअरिंग कॉर्पोरेशन आणि डिपॉझिटरींसाठी नियम कडक केले: बिघाडापासून ३० मिनिटांत आपत्ती जाहीर करायची, तिथून ४५ मिनिटांत डीआरवर उभं राहायचं, आरपीओ १५ मिनिटं. आमच्यासारख्या कंपनीला हे आकडे लागू नव्हते, पण त्यांतला विचार आम्ही घेतला. निर्णयाला स्वतःचं घड्याळ हवं. ते नसेल तर इंजिनिअर ‘अजून पाच मिनिटं द्या’ म्हणत तासभर दुरुस्तीत अडकतात, आणि मिनिटांत संपणारं ऑटोमेशन नुसतं बसून राहतं. म्हणून रनबुकच्या पहिल्याच पानावर तीन गोष्टी असाव्यात: निर्णय कोणत्या पदावरच्या व्यक्तीचा, ती फोनवर मिळाली नाही तर पुढचा कोण, आणि किती मिनिटांत कारण सापडलं नाही तर दुरुस्तीचा नाद सोडायचा.

सगळ्यांत जास्त मेहनत अवलंबित्वाच्या नकाशाला लागते, आणि ती लागायलाच हवी. कोणती सिस्टिम कोणाशी बोलते याची यादी विभागांकडून मागितली तर अर्धीच मिळते. फायरवॉल आणि नेटवर्कचे फ्लो लॉग (कोणतं मशीन कोणाशी बोललं याच्या नोंदी) किमान एका महिनाअखेरीसह पूर्ण महिन्याचे काढा. वर्षाला एकदाच चालणारे जॉब त्यातूनही सुटतात, ते शेड्युलरच्या (ठरल्या वेळी जॉब सोडणाऱ्या यंत्रणेच्या) याद्यांमधून वेचावे लागतात. मग उभं करण्याच्या क्रमाने गट लावायचे. शून्य क्रमांकाच्या गटात डीएनएस (नावावरून सर्व्हरचा पत्ता देणारी सेवा), अॅक्टिव्ह डिरेक्टरी (लॉगिन तपासणारी यंत्रणा), वेळ जुळवणारा एनटीपी, सर्टिफिकेटची यंत्रणा आणि पासवर्ड व्हॉल्ट. त्यानंतर स्टोरेज आणि डेटाबेस, मग मेसेज क्यू (सिस्टिममधले निरोप रांगेत ठेवणारी यंत्रणा), मग अॅप्लिकेशन, शेवटी वेब आणि बाहेरचे इंटरफेस. डोमेन कंट्रोलरचं (अॅक्टिव्ह डिरेक्टरी चालवणाऱ्या सर्व्हरचं) व्हीएम, म्हणजे व्हर्च्युअल मशीन, बाकीच्यांसारखं स्टोरेजवरून रेप्लिकेट करू नका, म्हणजे त्याची प्रत तशी डीआरला पाठवू नका. डीआरला एक जिवंत कंट्रोलर कायम चालू ठेवा आणि डिरेक्टरीचं स्वतःचंच रेप्लिकेशन वापरा.

शून्य गटाला एवढं महत्त्व का, हे जगजाहीर घटनांतून दिसतं. ऑक्टोबर २०२१ मध्ये फेसबुकचं नेटवर्क पडलं तेव्हा डीएनएसही गेलं, आणि दुरुस्तीची अंतर्गत साधनं त्याच नेटवर्कवर होती. २०१७ मध्ये नॉटपेट्या या घातक सॉफ्टवेअरने मर्स्क या जहाज कंपनीचे डोमेन कंट्रोलर पुसून टाकले. वाचला तो घानामधला एक, तोही त्या वेळी तिथली वीज गेलेली होती म्हणून. ऑटोमेशनचा कंट्रोलर आणि त्याला लागणारे पासवर्ड मुख्य सेंटरमध्येच असतील तर स्क्रिप्ट कितीही चांगली असली तरी तिला लॉगिन करता येणार नाही. दोन्ही डीआरच्या बाजूला हवेत, आणि आणीबाणीचं एक खातं व्हॉल्टशिवाय, सीलबंद पाकिटात.

आता अंतर. फायबरमध्ये प्रकाशाला एका किलोमीटरला साधारण ५ मायक्रोसेकंद लागतात. मार्ग ८०० किमी धरला तर जाऊन-येऊन ८ मिलिसेकंद, तेही मधली उपकरणं न मोजता. सिंक्रोनस रेप्लिकेशन (दोन्हीकडे लिहून झाल्यावरच नोंद पक्की) लावलं तर प्रत्येक कमिटला, म्हणजे नोंद पक्की करताना, ही वाट पाहावी लागते, आणि दिवसअखेरची बॅच रेंगाळते. म्हणून हैदराबादला असिंक्रोनस (प्रत थोडी मागून जाते), आणि शून्य डेटालॉस हवा असेल तर काही किलोमीटरवर फक्त लॉग ठेवणारी जवळची तिसरी जागा. बँडविड्थ सरासरीवर ठरवू नका. ओरॅकलमध्ये रीडोचा (डेटाबेसमधल्या बदलांच्या नोंदीचा) कमाल वेग सेकंदाला १५ एमबी असेल तर १५ ला ०.७५ ने भागून ८ ने गुणा: १६० एमबीपीएस, फक्त या एका डेटाबेससाठी. कमाल वेग बहुतेक वेळा रात्रीच्या बॅचमध्ये दिसतो.

ऑटोमेशनचा क्रम आम्ही असा ठेवला. आधी तपासणी: रेप्लिकेशनचा लॅग (डीआरची प्रत किती मागे आहे), डीआरवरची मोकळी जागा, दोन्हीकडचे पॅच आणि कॉन्फिगरेशन सारखे आहेत का, सर्टिफिकेटची मुदत. ही रोज पहाटे आपोआप चालते. आपत्तीच्या वेळी तिचा निकाल फक्त वाचायचा असतो. मग दोन अधिकाऱ्यांची मंजुरी. त्यानंतर फेन्सिंग, म्हणजे मुख्य बाजू खात्रीने बंद करणं. ही पायरी वगळून डेटाबेस फेलओव्हर केला, म्हणजे डीआरची प्रत मुख्य केली, आणि फक्त मधली लिंकच तुटलेली निघाली, तर दोन्हीकडे व्यवहार लिहिले जातात. त्या नोंदी एकत्र करण्याचं काम कोणतीही स्क्रिप्ट करत नाही. म्हणूनच फेलओव्हर पूर्ण मानवरहित करण्याच्या मी विरोधात आहे. निर्णय माणसाचा, अंमलबजावणी यंत्राची.

पुढे प्रत्यक्ष फेलओव्हरची साधनं: डेटाबेसला ओरॅकलचा डेटा गार्ड ब्रोकर, व्हीएमना व्हीएमवेअरचा साइट रिकव्हरी मॅनेजर त्याच्या प्राधान्यगटांसह, आणि अॅप्लिकेशनच्या पायऱ्यांना अॅन्सिबल. प्रत्येक पायरी पुन्हा चालवली तरी परिणाम तोच राहील अशी लिहावी, कारण मध्येच थांबलेली प्रक्रिया पहिल्यापासून चालवावी लागतेच. प्रत्येक पायरीला वेळेची मर्यादा आणि यशाची चाचणी हवी. ‘सर्व्हिस सुरू झाली’ ही चाचणी नव्हे. चाचणी खात्यावर एक व्यवहार टाकून तो नोंदवहीत दिसतो का, ही चाचणी.

अडतं कुठे, याचीही ओळख हवी. लोडिंगच्या सोयीसाठी कोणीतरी टेबल नोलॉगिंगने (बदलांची नोंद न करता) भरतं. त्याचा रीडो स्टँडबायला (डीआरवरच्या प्रतीला) जातच नाही, आणि फेलओव्हरनंतर तो ब्लॉक वाचताना ओआरए-२६०४० ही एरर येते. उपाय एकच, डेटाबेस पातळीवर फोर्स लॉगिंग (नोंद सक्तीची). डीएनएसचा टीटीएल (पत्ता किती वेळ लक्षात ठेवायचा ती मुदत) ६० सेकंद केला तरी काही जावा अॅप्लिकेशनचं जेव्हीएम (जावा चालवणारं सॉफ्टवेअर) जुना पत्ता धरून बसतं. तिथे कॅशची मुदत स्वतंत्र लावावी लागते. भागीदार संस्थांच्या फायरवॉलवर डीआरचे आयपी नसतात, आणि ते घालून घ्यायला आठवडे जातात. लायसन्स जुन्या हार्डवेअरला बांधलेलं असतं. एचएसएममधल्या (एनक्रिप्शनच्या की जपणाऱ्या उपकरणातल्या) नव्या की डीआरला पोचलेल्या नसतात. आणि शेड्युलर: डीआर उठताच सगळे जॉब सुटले तर ग्राहकांना एसएमएस दुसऱ्यांदा जातात, हप्ते दुसऱ्यांदा वसूल होतात. म्हणून शेड्युलर नेहमी होल्डवर उठवायचा, शेवटचा पूर्ण झालेला जॉब तपासायचा, मगच सोडायचा. बंदिस्त नेटवर्कमधल्या चाचणीतही एसएमएस आणि ईमेलचे गेटवे तोडलेले असावेत.

रेप्लिकेशन रॅन्समवेअरही तितक्याच तत्परतेने डीआरला पोचवतं. त्यासाठी बदलता न येणारा बॅकअप आणि वेगळी, स्वच्छ जागा लागते. इथला आरटीओ वेगळा मांडा: ४० टीबी सेकंदाला १ जीबी वेगाने रिस्टोअर केले तर ११ तासांहून जास्त, तपासणी सोडून. मार्च २०२१ मध्ये स्ट्रासबुर्गला ओव्हीएच या क्लाउड कंपनीचं डेटा सेंटर जळालं तेव्हा ज्यांचा बॅकअप त्याच आवारात होता त्यांच्यातल्या अनेकांचा डेटा कायमचा गेला.

ड्रिल (डीआरवर जाण्याचा सराव) रविवारी दोन तास करून डीआरची क्षमता कळत नाही. रिझर्व्ह बँकेच्या १ एप्रिल २०२४ पासून लागू झालेल्या निर्देशांत महत्त्वाच्या सिस्टिमचं ड्रिल किमान सहा महिन्यांतून एकदा, आणि डीआरवरून दिवसाच्या सुरुवातीपासून दिवसअखेरीपर्यंत किमान एक पूर्ण कामाचा दिवस चालवणं अपेक्षित आहे. डीआरला निम्मेच सर्व्हर दिले असतील तर ते दुपारी बाराच्या गर्दीतच दिसतं.

परतीचा प्रवास स्वतंत्र लिहा. जुन्या प्रायमरीवर (आधीच्या मुख्य डेटाबेसवर) फ्लॅशबॅक, म्हणजे डेटाबेस मागच्या क्षणाला नेण्याची सोय, आधीपासून चालू असेल तर ब्रोकर तिला स्टँडबाय म्हणून पुन्हा जोडतो. नसेल तर संपूर्ण डेटाबेस लिंकवरून नव्याने न्यावा लागतो आणि तेवढे दिवस डीआरला पाठीशी कोणी नसतं. लॅग शून्यावर आला की फेलओव्हर नव्हे, ठरवून स्विचओव्हर (दोन्ही बाजू चालू असताना भूमिकांची अदलाबदल) करायचा, तोही महिनाअखेर टाळून. त्या रात्रीच पूर्ण बॅकअप घ्यायचा, फेन्सिंगचे नियम काढायचे, आणि उलट दिशेचं रेप्लिकेशन सुरू झाल्याचं पहाटेच्या तपासणीत दिसल्याशिवाय टीमला घरी सोडायचं नाही.