संक्रांतीच्या आठवड्यात हळदी-कुंकू मोजताना

पाणपक्षी मोजायला म्हणून पहाटे पाचच्या बसनं आम्ही निपाणी सोडली. भाची शालीत गुरफटून झोपली, ती वंटमुरी घाट मागं पडला तरी उठली नाही. बेळगावच्या मध्यवर्ती बसस्थानकापासून किल्ला तलाव चालत जाण्याएवढा जवळ. पोचलो तेव्हा पाण्यावर धुकं होतं आणि काठच्या बागेत पंधरा-वीस माणसं कानटोप्या घालून उभी होती.

"आलासा? आधी चहा घ्या की," आमच्या गटातले निवृत्त गुरुजी म्हणाले. गटात आणखी दोघं, कॉलेजात शिकणारी, घरी कन्नड बोलणारी मुलं.

पाणपक्ष्यांची ही आशियाई गणना भारतात १९८७ पासून दर जानेवारीत होते. मोजायची रीत गुरुजींनी काठावरच शिकवली. मोठा थवा असेल तर आधी दहा पक्षी मोजायचे, तेवढी जागा नजरेत धरायची आणि थव्यात दहा-दहाचे असे किती गट बसतात ते बघायचं. तलावावर न उतरता नुसते वरून उडून गेलेले धरायचे नाहीत.

पण टिबुकलीला कुठलीच रीत लागू पडेना. मुठीएवढा पक्षी, बघता बघता बुडी मारतो आणि भलतीकडंच डोकं काढतो. "आत्या, बुडालं की परत!" भाची रडकुंडीला आली. आधी ११, मग ९, मग १४. बेरीज करायची नाही, एका वेळी जास्तीत जास्त जेवढ्या दिसल्या तो आकडा लिहायचा, असं ठरलं. १४ लिहिले.

भाचीला चक्रवाक बघायचा होता, हिमालयापलीकडून येणारा. तो काही दिसला नाही. तिचा चेहरा उतरलेला बघून गुरुजींनी दुर्बीण तिच्या हातात दिली आणि पाणवनस्पतींच्या कडेला बोट दाखवलं. हळदी-कुंकू बदक! काळ्या चोचीच्या टोकाला पिवळीधमक हळद, कपाळाशी दोन्ही बाजूंना कुंकवाचा एकेक ठिपका. संक्रांतीचा आठवडा, घरोघरी हळदी-कुंकू चाललेलं आणि इथं पाण्यात हे! हे बदक बारा महिने आपल्याकडंच राहतं. पाहुण्यांइतकीच घरच्यांचीही मोजणी व्हायला हवी, हे मला मनापासून पटतं. आपल्या तळ्यात काय बिघडलंय ते आधी घरच्यांनाच भोगावं लागतं. त्या सुंदर चोचीपासून हातभर अंतरावर निर्माल्यानं भरलेली प्लास्टिकची पिशवी तरंगत होती. बघून पोटात तुटलं.

खांबावर पंख पसरून वाळवत बसलेला पाणकावळा दिसला. "नीरुकागे," कॉलेजचा मुलगा म्हणाला. नीरु म्हणजे पाणी, कागे म्हणजे कावळा. भाचीनं लगेच वहीत दोन्ही नावं शेजारी शेजारी लिहिली. मग तिला नादच लागला. बगळ्याला काय म्हणता? बेळ्ळक्की. खंड्याला? मिंचुळ्ळी. हा शब्द तिनं चार वेळा म्हणून बघितला.

साडेनऊला कागद गोळा झाले. उप्पीट खाऊन निघताना भाची काठाशी थबकली, बोट नाचवत पुटपुटली आणि पळत आली. "आत्या, १५ आहेत!"

गुरुजींनीही मोजून बघितल्या. १५ होत्या. पण वेळ संपली होती. कागदावर १४ च राहिल्या.