नागपूरच्या उन्हात पंधरा फेऱ्या : हृदयगतीच्या नोंदीचा दुसरा टप्पा

वेग तोच ठेवून उन्हात धावताना हृदयगती किती वाढते आणि सरावाने ती किती उतरते, हे पाहण्यासाठी फेब्रुवारीत ठरवलेली मोजणी अखेर एप्रिलमध्ये पूर्ण झाली. पद्धत फेब्रुवारीतलीच होती : ४०० मीटरच्या मैदानावर पंधरा फेऱ्या, प्रत्येक फेरी २ मिनिटे ४२ सेकंदांची, म्हणजे ६ किलोमीटर साडेचाळीस मिनिटांत. वेग मुळीच बदलायचा नाही, फक्त तिसऱ्या ते पाचव्या फेरीची आणि शेवटच्या तीन फेऱ्यांची सरासरी हृदयगती लिहून ठेवायची. फेब्रुवारीत सकाळी सहा वाजता, १८ अंश तापमानात हे आकडे १३८ आणि १४३ आले होते. एप्रिलमध्ये मी संध्याकाळी साडेपाचला, ४० अंशांच्या आसपास धावलो. पहिल्या दिवशी १४७ ने सुरुवात होऊन अखेर १६९ आले. पायांचा वेग तोच असताना हृदय मात्र शेवटी मिनिटाला २६ ठोके जास्त देत होते.

एक चूक आधीच सांगितली पाहिजे, कारण तिच्यामुळे या नोंदी पूर्णपणे निर्दोष राहिलेल्या नाहीत. मार्चअखेरीस मी हीच मोजणी मनगटी घड्याळावर सुरू केली होती आणि चार दिवस आकडा हटवादीपणे १७२ वर अडकत होता. माझी पावलेही मिनिटाला नेमकी १७२ पडतात, हे ध्यानात यायला मला चार दिवस लागले. घड्याळातील प्रकाशसंवेदक हाताच्या हेलकाव्यालाच नाडी समजत होता. छातीचा पट्टा मागवून तो येईपर्यंत नऊ दिवस गेले. त्या चार दिवसांत शरीर थोडेफार उन्हाला सरावले असणार, आणि उष्णतेचा सराव सुटला की त्याचा लाभ दिवसाला साधारण अडीच टक्क्यांनी ओसरतो, असे आजवरच्या अभ्यासांवरून दिसते. नऊ दिवसांत तो पुसून गेला असे म्हणता येत नाही, त्यामुळे माझा ‘पहिला दिवस’ हा खरा पहिला दिवस नाही.

आता मूळ प्रश्न असा की, वेग स्थिर असताना ठोके का वाढत जातात? धावताना खर्च होणाऱ्या ऊर्जेचा फार तर चौथा हिस्सा प्रत्यक्ष हालचालीत उतरतो, उरलेल्याची उष्णता होते. ती बाहेर टाकण्यासाठी रक्त त्वचेकडे वळते, घामावाटे रक्तातील पाणी कमी होते, हृदयाकडे परतणारे रक्त घटते आणि दर ठोक्याला बाहेर पडणारे रक्तही कमी भरते. ती तूट हृदय ठोके वाढवून भरून काढते, असे सर्वसाधारण स्पष्टीकरण आपण सगळे देतो. पण कार्यकारणाची दिशा इतकी सरळ नाही. टेक्सास विद्यापीठात एडवर्ड कॉयल यांच्या गटाने १९९९ मध्ये, बीटा-ब्लॉकर या हृदयगती मंदावणाऱ्या औषधाच्या छोट्या मात्रेने ठोक्यांची वाढ रोखली, तेव्हा दर ठोक्याच्या रक्तातील घटही थांबली. म्हणजे ठोके वाढल्यामुळे हृदयाला भरायला वेळ कमी मिळतो, हेही त्या घटीचे कारण आहे. मला हा प्रयोग फार आवडतो, कारण आपण ज्याला परिणाम समजत होतो तोच काही अंशी कारण निघाला.

पुढचे आकडे असे आहेत. पाचव्या दिवशी १४६ आणि १६३, नवव्या दिवशी १४२ आणि १५४, चौदाव्या दिवशी १४० आणि १५०. मधल्या दिवसांत मी तासभर सावकाश धावत होतो. बाराव्या दिवशी अवकाळी सर येऊन पारा ३३ वर उतरला. त्या दिवशीचा सुरेख १४५ हा आकडा मी मोहात न पडता वगळला आहे. ही सुधारणा तंदुरुस्तीची नाही. दोन आठवड्यांत कोणाचेही हृदय इतके बलवान होत नाही. उन्हाच्या सरावाने पहिल्या आठवड्यातच रक्तद्रवाचे प्रमाण वाढते, घाम लवकर आणि अधिक येऊ लागतो, आणि अल्डोस्टेरॉन या संप्रेरकाच्या प्रभावाने घामातून जाणारे मीठ हळूहळू कमी होते. माझे वजन धावण्यापूर्वी आणि अंग पुसून नंतर घेतले, त्यात प्यायलेले पाणी मिळवले, तेव्हा पहिल्या दिवशीचा घाम ०.९ लिटर आणि चौदाव्या दिवशीचा १.१ लिटर निघाला.

हे ज्ञान आपल्यापर्यंत कसे आले, याची आठवण मला पंधरा फेऱ्यांच्या कंटाळ्यात वारंवार होत असे. गेल्या शतकाच्या मध्यात दक्षिण आफ्रिकेच्या सोन्याच्या खाणींत सिरिल विंडम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नव्या मजुरांना उष्ण, दमट खोलीत पायरीची चढउतार करायला लावून सराव घडवण्याची पद्धत विकसित केली. खोल खाणीतील उष्माघाताचे मृत्यू रोखणे हा हेतू होता. मी हौसेने उन्हात उतरलो. त्यांना तशी निवड नव्हती.

पाण्याबाबत मी मुद्दाम आखडता हात ठेवला. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये तपासलेल्या ४८८ धावपटूंपैकी १३ टक्क्यांच्या रक्तात सोडियम कमी आढळले होते, आणि शर्यतीत वजन वाढणे हे त्याचे मोठे लक्षण ठरले होते. म्हणून मध्ये फक्त दोनशे मिलिलिटर पाणी आणि घरी आल्यावर मीठ घातलेले कैरीचे पन्हे, एवढेच ठेवले. सोबत एक मित्र बाकावर बर्फाचे पाणी घेऊन बसत असे आणि फेऱ्या मोजत असे. या तापमानात एकट्याने हा उपद्व्याप कोणी करू नये.

एक शंका उरली आहे. आमच्याकडची एप्रिलमधली हवा कोरडी असल्याने घाम लगेच उडतो आणि प्रत्येक लिटरमागे सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. मुंबईकर मित्राचा घाम मात्र नुसता ठिबकतो, आणि ठिबकलेला घाम अंग गार करत नाही. त्यामुळे वाढलेल्या घामाचा मला झालेला फायदा त्याला तेवढाच होईल असे मी मानत नाही. जूनच्या अखेरीस पाऊस लागल्यावर ३० अंशांच्या दमट हवेत हीच पंधरा फेऱ्यांची मोजणी पुन्हा करणार आहे. त्याआधीचे तीन आठवडे फक्त पहाटे धावायचे ठरवले आहे, म्हणजे सराव किती ओसरला तेही त्याच नोंदीत दिसेल. पट्ट्याची बॅटरी आजच बदलली.