तुम्ही विचारलंत म्हणून: तिला तर सगळं आयतंच मिळालं होतं ना?

बचत गटाच्या मेळाव्यात नाहीतर कॉलेजात बोलायला बोलावलं, की मी कॅथरीन ग्रॅहमची गोष्ट सांगते. अमेरिकेतल्या ‘वॉशिंग्टन पोस्ट’ या वर्तमानपत्राची एकेकाळची मालकीण. आणि दर वेळी कुणीतरी विचारतंच, “पण ताई, वडिलांचा पेपर होता. आयतं मिळालं सगळं. त्यात तिचं कर्तृत्व काय?” हा प्रश्न मला लागतो, कारण वडिलांचा छापखाना मीही चालवते. लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, निवडणूक आली की हँडबिलं. म्हणून एकदा नीट लिहून काढते.

पेपर दिवाळखोरीत निघाला होता. १९३३ साली त्याच्याच इमारतीच्या पायऱ्यांवर लिलाव झाला आणि कॅथरीनच्या वडिलांनी, युजीन मायर यांनी, तो ८,२५,००० डॉलरला घेतला. पुढे मुलगी सॅन फ्रान्सिस्कोत बातमीदारी करून आली, वडिलांच्या पेपरातही वाचकांच्या पत्रांचं काम बघत होती. पण १९४६ साली पेपर सोपवला तो जावयाच्या हाती, फिल ग्रॅहमच्या. दोन वर्षांनी मताधिकार असलेले शेअर वाटले, तेव्हा जावयाला ३,५०० आणि पोटच्या लेकीला १,५००. कारण काय, तर कुठल्याही पुरुषावर बायकोच्या हाताखाली काम करायची वेळ येऊ नये. याला म्हणतात आयतं! आणि तेव्हा तिलाही यात काही वावगं वाटलं नाही. हक्कसोड पत्रावर मुकाट सही करून माहेरचा चहा घेऊन परतणाऱ्या बहिणी मी इतक्या पाहिल्यात, की ही गोष्ट वाचताना मला अमेरिका आठवतच नाही.

फिल हुशार होता, पण त्याला मनाचा मोठा आजार होता. शेवटच्या वर्षी तो दुसऱ्या बाईसाठी घर सोडून गेला, आणि बहुमताचे शेअर त्याच्याकडे असल्यामुळे पेपरही हातचा जाणार अशी वेळ आली. पुढे तो परतला. ३ ऑगस्ट १९६३ रोजी व्हर्जिनियातल्या शेतघरात त्यानं स्वतःवर गोळी झाडून घेतली, तेव्हा ती त्याच घरात होती. वय ४६, चार मुलं. वारशानं पेपर हातात आला तो असा.

पेपर विकता आला असता. तिनं कारभार हातात घेतला. कचेरीतल्या पहिल्या नाताळच्या जेवणात चार शब्द बोलायचे होते, तर तिनं ‘मेरी ख्रिसमस’ एवढेच शब्द घरी पुन्हापुन्हा म्हणून पाहिले. मला हे अगदी खरं वाटतं. मी वडिलांच्या खुर्चीत बसायला लागले त्या आठवड्यात कागदाचा व्यापारी आला आणि म्हणाला, “मालक आहेत का?” मी म्हणाले, “बाहेर गेलेत.” वडिलांचं तेरावं होऊन चार दिवस झाले होते.

आता १९७१चा जून. व्हिएतनाम युद्धाबद्दल सरकारनं लोकांपासून काय काय लपवलं, त्याची गुप्त कागदपत्रं ‘न्यूयॉर्क टाइम्स’नं १३ तारखेपासून छापायला घेतली आणि दोन दिवसांत कोर्टानं त्यांना थांबवलं. मग तेच कागद पोस्टच्या हाती आले, चार हजारांहून जास्त पानं. संपादक बेन ब्रॅडलींच्या घरी बातमीदार गठ्ठे उलगडून बसलेले, बाजूच्या खोलीत वकिलांशी वादावादी. नेमक्या त्याच आठवड्यात कंपनीचे शेअर पहिल्यांदा बाजारात आले होते, २६ डॉलरला एक. फौजदारी झाली तर तो व्यवहार मोडणार, कंपनीच्या टीव्ही केंद्रांचे परवानेही धोक्यात. १७ तारखेच्या संध्याकाळी तिच्या घरी निवृत्त होणाऱ्या एका सहकाऱ्याचा निरोपसमारंभ चालू होता. त्यातून तिला फोनवर बोलावून घेतलं. तिचा सगळ्यात जास्त भरवसा कंपनीचे अध्यक्ष फ्रिट्झ बीबी यांच्यावर. तिनं त्यांना विचारलं, तुम्ही काय केलं असतं? ते म्हणाले, मला वाटतं मी छापलं नसतं. आणि ती म्हणाली, छापा.

दुसऱ्या दिवशी छापलं. ३० जूनला सुप्रीम कोर्टानं ६ विरुद्ध ३ मतांनी पेपरांच्या बाजूनं निकाल दिला. पण १७ तारखेला रात्री हे कुणाला ठाऊक होतं? आयतं मिळालेलं सगळंच्या सगळं त्या एका फोनवर पणाला लागलं होतं. उधळायला आयतं पुरतं. पणाला लावायला मात्र ते आधी आपलं व्हावं लागतं, आणि ती आठ वर्षं तेच करत होती. मला विचाराल तर तिचं कर्तृत्व ते हे. वॉटरगेट, म्हणजे राष्ट्राध्यक्ष निक्सन यांना राजीनामा द्यावा लागला ते प्रकरण, त्यानंतरचं, आणि ते सगळ्यांना माहीत आहे.

हिशेबही ती पन्नाशी उलटल्यावर शिकली. १९७३ साली गुंतवणूकदार वॉरन बफे कंपनीत भागीदार झाले. ते दुसऱ्या कंपन्यांचे वार्षिक अहवाल घेऊन यायचे आणि तिच्याबरोबर पान पान बघायचे.

एका ठिकाणी मात्र मी अडते. १ ऑक्टोबर १९७५च्या पहाटे पोस्टच्या छपाई कामगारांनी संपावर जाताना मशिनींची मोडतोड केली, फोरमनला मारलं. अंक एकच दिवस चुकला. नंतर हेलिकॉप्टरनं पानं बाहेरच्या छोट्या छापखान्यांत पोचवून पेपर निघत राहिला. मालकीणबाई स्वतः फोनवर छोट्या जाहिराती लिहून घेत होत्या. डिसेंबरात तिनं त्या जागी कायमची नवी माणसं घेतली. ती काय करणार होती दुसरं, असं एक मन म्हणतं. पण मी मशीनच्या आवाजात वाढलेली मुलगी आहे.

आमच्याकडे वडिलांच्या वेळचे एक मशीनमन काका आहेत. त्यांना मी हे सगळं सांगितलं. शाईचे हात चिंधीला पुसत त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं आणि विचारलं, “मशिनी पुन्हा लागल्या का?”

म्हटलं, “हो, लागल्या.”

“आणि माणसं?”