टीचर, खरं कुठलं?

रविवार, रात्री

सकाळी चर्चमध्ये मिस्सानंतर, म्हणजे रविवारच्या उपासनेनंतर, धर्मशिक्षणाचा वर्ग. बायबलातल्या उत्पत्तीच्या पुस्तकाचा दुसरा अध्याय चालू होता, देवाने मातीपासून माणूस घडवला, नाकपुड्यांत श्वास फुंकला. मागच्या बाकावरून एका मुलाने हात वर केला. शाळेतही तो माझ्याकडेच आहे, दहावीला. "टीचर, बुधवारी तुम्ही उत्क्रांती शिकवली. आज माती. खरं कुठलं?"

कुणी हसलं नाही. आणि मी म्हणाले, "आधी प्रार्थना पाठ करा."

तेव्हापासून घास उतरत नाहीये. बावीस वर्षं शिकवतेय. आठवडाभर फळ्यावर लिहायचं आणि रविवारी त्या लिहिलेल्याकडेच पाठ फिरवायची, असं कधी ठरलं? माझ्या मनात काय चाललंय, हे कुणी विचारतही नाही. ह्यांना सांगायला गेले तर... जाऊ दे.

उत्तर येत नव्हतं असं नाही, तेच बोचतंय. मानवी शरीर आधीच्या सजीवांपासून घडलं का, याचा शोध घ्यायला चर्चची मनाई नाही, असं पोप बारावे पायस यांनी १९५० मध्येच लिहिलंय. आनुवंशिकतेतलं मेंडेलचं ३:१ गुणोत्तर दरवर्षी शिकवते, पण तो ब्र्नोच्या मठातला संन्यासी होता हे एका वाक्यात उरकते. मठाच्या बागेत वाटाण्याचे दाणे निवडत, मोजत बसलेला तो माणूस मी मुलांपुढे कधी उभाच केला नाही.

मुंबईच्या झेवियर्स कॉलेजातल्या ब्लॅटर हर्बेरियममधला, वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहातला, पहिला दिवस आठवला. कपाट उघडलं तर डांबरगोळ्यांचा वास. जाड कागदावर तपकिरी पडलेली फांदी, कोपऱ्यात चिठ्ठी: नाव, ठिकाण, तारीख, गोळा करणारा. खंडाळ्याची, फादर सांतापाव यांची. पानामागची लव अजून शाबूत होती. मी श्वास रोखून बघत राहिले होते. घाटात हिंडून गवताचीसुद्धा नोंद ठेवणारे जेजुइट संघाचे फादर. आणि त्याच कॉलेजात फादर हेरास सिंधू संस्कृतीच्या मुद्रा वाचायला धडपडत होते. या दोघांनी कुठला प्रश्न प्रार्थनेमागे लपवला असता?

मी लपवला.

आता बायबल उघडून बसलेय. हिब्रूत माणूस म्हणजे आदाम आणि माती म्हणजे अदामा. एवढं जरी सांगितलं असतं! हे लिहिणाऱ्याला काय सांगायचं होतं, कुणासाठी, हे विचारायला आपण इतिहासाच्या तासाला शिकवतोच की. मग इथे का कचरले? फादर काय म्हणतील म्हणून? आईबापांच्या तक्रारी येतील म्हणून? की माझंच अजून... नाही, ते आज नको.

बरं झालं त्याने विचारलं. मोठ्याने, सगळ्यांसमोर. मला त्याच्या वयात धीर झाला नव्हता. चुकले तर चुकले. वर्ग दर रविवारी भरतो.

पिशवीत मूठभर वाटाणे टाकलेत, गोल आणि सुरकुतलेले. फळ्यावर आधी दोन शब्द लिहीन, आदाम, अदामा. त्याला पुढच्या बाकावर बोलवावं का? नको, बसू दे त्याच्या जागी. मीच मागे जाईन.