सिंह मारल्याशिवाय मसाई पुरुष होत नाही?

मसाई ही केनिया-टांझानियातली गुरं पाळणारी जमात. केनियातल्या मसाई मारा अभयारण्याची सफारी करून आलेले हटकून हेच विचारतात. तुम्हीही विचारलंत म्हणून सांगतो: नाही. सिंहाची शिकार हा मोरानांचा, म्हणजे तरुण योद्ध्यांचा, नाव कमावण्याचा मार्ग होता. संस्काराची अट नव्हे. केनियात 1977 पासून शिकारीवर बंदीच आहे. 2012 पासून तिथल्याच अंबोसेली राष्ट्रीय उद्यानाच्या परिसरात तिच्याऐवजी धावणं, भालाफेक, उंच उडी अशा स्पर्धा होतात.

मुळात इथे एकटा मुलगा मोठा होत नाही, अख्खा वयोगट होतो. साधारण पंधरा वर्षांत एक नवा गट उभा राहतो आणि माणूस मरेपर्यंत त्यातलाच असतो. गट उघडतो एनकिपाटा या विधीने. साधारण 14 ते 16 वर्षांची मुलं वडीलधाऱ्यांबरोबर कित्येक महिने मुलूखभर फिरून नव्या गटाची वर्दी देतात.

मग एमुराटा, म्हणजे सुंता. आधी सात दिवस गुरं राखायची. आठव्या दिवशी भल्या पहाटे उघड्यावर गार पाण्याची अंघोळ. अंगात भरलेली थंडी हीच काय ती भूल. बरोबरीचे भोवती उभे राहून चिथावतात, धमकावतात. सुरी चालताना मुलगा नुसता दचकला तरी घराण्याची अब्रू जाते. जखम भरायला तीन-चार महिने लागतात, तोवर लघवी करतानाही जीव जातो. पुढचे काही महिने काळे कपडे. एकच सुरी अनेकांवर चालली की जंतुसंसर्ग एकाचा दुसऱ्याला होतो, म्हणून आता प्रत्येकाला नवं पातं वापरतात किंवा दवाखान्यात नेतात.

मोरान झाल्यावर एकट्याने जेवायचं नाही, दूधसुद्धा सोबत्याशिवाय प्यायचं नाही. जवळपास दहा वर्षांनी युनोटो: गेरूने माखलेले लांब केस आई भादरते. भले भले योद्धे तिथे रडतात. त्यानंतरच लग्नाची मोकळीक. शेवटी ओल्ङेशेर, मांसभोजनाचा विधी. तिथे मोरानपण संपून माणूस ज्येष्ठांत बसतो. एनकिपाटा, युनोटो आणि ओल्ङेशेर युनेस्कोने 2018 मध्ये तातडीने जपायच्या वारशाच्या यादीत घेतले. शाळा, नोकऱ्या आणि आटलेली कुरणं यांमुळे एवढा वेळ कुणाकडे उरलेला नाही.

मुलींचं काय, हे मात्र फारसं कुणी विचारत नाही. त्यांचंही जननांग कापत. केनियात 2011 च्या कायद्याने तो गुन्हा ठरला. काही गावांत आता केशवपन आणि आशीर्वाद ठेवून कापणं वगळतात. काही घरांत तेच लपूनछपून, पूर्वीपेक्षा लहान वयात उरकतात. समारंभच नसल्याने कुणाला पत्ता लागत नाही.