परक्याच्या शेतातून, हक्काने

इंग्लंडच्या या सहलीत आम्ही बकिंगहॅम पॅलेस पाहिला नाही, लंडन आयमध्ये बसलो नाही आणि बिग बेन बसच्या खिडकीतून दिसलं तेवढंच. तक्रार नाही. ओळखीच्यांच्या घरी राहायचं आणि ते नेतील तिकडे जायचं, एवढं ठरवून जूनच्या अखेरीस निघालो होतो. दोन्ही यजमानांनी आम्हाला भरपूर चालवलं, आधी यॉर्कशरच्या डोंगरात आणि मग लंडनमध्ये.

किंग्ज क्रॉसहून डार्लिंग्टनला जायला गाडीला अडीच तासांच्या आसपास लागतात. १८२५ साली वाफेच्या इंजिनाची सार्वजनिक रेल्वे धावली ती याच स्टॉकटन-डार्लिंग्टन मार्गावर; आपली बोरीबंदर-ठाणे त्यानंतर २८ वर्षांनी. स्टेशनवर माझी कॉलेजातली मैत्रीण गाडी घेऊन आली होती. ती तिकडे डॉक्टर आहे, नवरा तिथलाच, आणि सासरे स्वेलडेलच्या खोऱ्यात मेंढ्या पाळतात. रिचमंड आणि रीथ मागे पडलं की रस्ता इतका अरुंद होतो की समोरून गाडी आली तर कुणीतरी एकाने मागे जायचं. मागे गेलेल्याला हात वर करून आभार मानायचेच, त्यात सूट नाही.

उन्हाळा म्हणून सुती कपडे भरले होते. दुपारी सोळा अंश आणि वारा. मैत्रिणीने दारातच माझ्या अंगावर स्वेटर टाकला आणि म्हणाली, “अगं, आज हवा छान आहे!” रात्री दहाला बाहेर पेपर वाचता येईल एवढा उजेड. मुलांना झोपवायचं कसं, हा प्रश्न तिथल्या आयांनी काळे पडदे लावून सोडवलाय.

या खोऱ्यात पहिल्यांदा नजरेत भरतात त्या दगडी भिंती. नदीपासून डोंगरमाथ्यापर्यंत, उभ्या-आडव्या, मैलोन्‌मैल, आणि त्यांत चुना-सिमेंट काही नाही. मी महाडकडची, त्यामुळे पाहताक्षणी वाटलं, हा तर आपला गडगा! फक्त आमचा गडगा कमरेएवढा आणि हा छातीला लागणारा. मैत्रिणीचे सासरे एक खिंडार बुजवत होते, तिथे मी बराच वेळ बसून राहिले. एक भिंत म्हणजे खरं तर दोन भिंती, एकमेकींकडे किंचित झुकलेल्या, मधे बारीक दगडांची भर. ठरावीक उंचीवर एक लांब दगड आरपार टाकायचा, तो दोन्ही अंगांना धरून ठेवतो. सगळ्यात वर उभे दगड दाटीवाटीने. आजोबा एखादा दगड उचलत, हातात फिरवत, आणि एकदा उचललेला दगड सहसा परत खाली ठेवत नसत. त्याला कुठेतरी जागा सापडायचीच. बोलणं बेताचं. सकाळी भेटल्यावर “नाउ देन” म्हणाले. मला वाटलं, आता पुढे काही सांगणार. पण तो तिकडचा ‘राम राम’ होता, तेवढ्यावर संभाषण संपलं.

दुसऱ्या दिवशी म्यूकर गावाजवळच्या गवताच्या कुरणांतून चालायला गेलो. स्वेलडेलमध्ये जवळजवळ प्रत्येक कुरणात एक दगडी गोठा उभा आहे. वर गवत, खाली हिवाळ्यात गुरं. गवत तिथेच खायचं आणि शेण त्याच कुरणात पसरायचं. ने-आण नाही. आता बरेच गोठे रिकामे आहेत, पण कुरणांवर पिढ्यान्‌पिढ्या रासायनिक खत फारसं पडलेलं नाही, म्हणून तिथे अजून फुलं आहेत. जांभळं वुड क्रेन्सबिल, पिवळी बटरकप, तांबडा क्लोव्हर, आणि यलो रॅटल नावाचं एक लबाड रोप. ते गवताच्या मुळांतून रस शोषतं, त्यामुळे गवत माजत नाही आणि बाकीच्या फुलांना जागा मिळते. १९३०च्या दशकापासून ब्रिटनमधली अशी जवळपास ९७ टक्के कुरणं गेली. उरलेल्यांतली काही या खोऱ्यात आहेत. जुलैच्या मध्यानंतर कापणी होते, म्हणून जायचं तर जून-जुलैच्या सांध्यावर.

पण माझं लक्ष फुलांपेक्षा वाटेकडे जास्त होतं. कुरणाच्या मधोमध एक माणूस जाईल एवढी फरशांची पायवाट. पाटीवर विनंती: एकामागोमाग एक चला, गवत तुडवू नका. भिंतीशी आलं की तिच्यात एक फट, खाली अरुंद आणि वर थोडी रुंद. माणूस आडवा होऊन जातो, मेंढीला जमत नाही. माझ्या नवऱ्यालाही पोटभर नाश्त्यानंतर जेमतेम जमलं.

मी मैत्रिणीला विचारलं, “यांच्या कुरणातून आपण चाललोय, विचारायला नको?” ती म्हणाली, “विचारायचं कुणाला? ही पब्लिक वाट आहे.”

इंग्लंडभर अशा वाटा आहेत. जमीन खाजगी, तिच्यावरून चालायचा हक्क सगळ्यांचा. नांगरताना वाट मोडली तर शेतकऱ्याने ठरलेल्या दिवसांत ती पूर्ववत करून द्यायची. लोक वीस वर्षं विनाअडथळा, कुणाची परवानगी न घेता एखाद्या वाटेने गेले असतील, तर ती सार्वजनिक धरली जाते, तसा १९८०चा कायदा आहे. आणि १९४९च्या कायद्याने प्रत्येक काउंटीला या वाटांचे अधिकृत नकाशे करायला लावले. ऑर्डनन्स सर्व्हे या तिथल्या सरकारी नकाशा-संस्थेच्या १:२५,००० प्रमाणाच्या नकाशावर त्या हिरव्या तुटक रेषांनी दाखवतात. आजोबांकडचा नकाशा घड्यांवर फाटलेला होता, पण त्यांची स्वतःची जमीन चिरत जाणारी रेष स्पष्ट दिसत होती.

म्हणजे ही वहिवाटच. आपल्याकडेही कायदा आहे: मामलतदार कोर्ट अधिनियम १९०६चा, अडवलेला रस्ता तहसीलदार मोकळा करून देऊ शकतात. तरी आमच्या भावकीत एका पाणंदीवरून दोन घरं वर्षानुवर्षं एकमेकांच्या लग्नाला जात नाहीत. इंग्रज जात्याच समजूतदार, असंही नाही हं. डोंगराळ मोकळी रानं तिथल्या जमीनदारांनी शिकारीसाठी बंद केली होती. १९३२च्या एप्रिलमध्ये डर्बीशरमधल्या किंडर स्काउटवर शेकडो तरुण मुद्दाम घुसले, रखवालदारांशी झटापट झाली, पाचजणांना तुरुंगवास झाला. डोंगर-माळावर मोकळेपणी फिरायचा हक्क कायद्यात यायला पुढे २००० साल उजाडलं.

जेवणाबद्दल थोडक्यात: फ्रूटकेकच्या तुकड्यावर वेन्स्लीडेल चीजची कापटी ठेवून खातात. ऐकायला विचित्र, खाल्ल्यावर मी दुसरा तुकडा मागितला.

लंडनला मुक्काम हॅरोमध्ये, नवऱ्याच्या शाळेतल्या मित्राकडे. त्याच्या घरात कढीपत्त्याची कुंडी, फोडणीचा वास आणि खिडकीबाहेर अगदी एकसारख्या विटांच्या घरांची रांग. यॉर्कशरचं ऐकून तो इरेला पेटला. “चालायचंय? वहिनी, उद्या मी चालवतो.” सकाळी हॅरो अँड वील्डस्टोनहून बेकरलू लाइनने वॉरिक अॅव्हेन्यूला उतरलो.

तिथून दोन मिनिटांवर हाउली प्लेस. दहा नंबरच्या घरावर निळी पाटी: लोकमान्य टिळक इथे १९१८-१९मध्ये राहिले. व्हॅलेंटाइन चिरोल या ब्रिटिश पत्रकारावर बदनामीचा खटला चालवायला ते लंडनला आले होते. त्याने पुस्तकात त्यांना असंतोषाचे जनक ठरवलं होतं. खटला टिळक हरले, खर्च डोईजड झाला. शिवी म्हणून दिलेली ती पदवी आपण मात्र शाळेच्या पुस्तकात अभिमानाने पाठ केली. गल्ली शांत, घरं पांढरी आणि आपल्या ऐपतीच्या फार पलीकडची.

कोपऱ्यावर लिटिल व्हेनिस, तिथून रीजंट्स कॅनॉल. १८२०मध्ये पूर्ण झालेला हा कालवा. काठची वाट बोटी ओढणाऱ्या घोड्यांसाठी होती, आता ती चालणाऱ्यांची आणि घंटी वाजवत अंगावर येणाऱ्या सायकलवाल्यांची. गंमत म्हणजे सुरुवातीलाच वाटेवर फाटक: इथे बोटींत राहणाऱ्यांनाच प्रवेश. यॉर्कशरच्या शेतकऱ्याने दिली ती वाट लंडनच्या नॅरोबोटवाल्यांनी काही दिली नाही. मुकाट्याने वरच्या रस्त्याने गेलो. पुढे बोगदा आहे, त्यातही वाट नाही. जुन्या काळी घोडा वरून नेत आणि नावाडी बोटीत आडवे पडून भिंतीला पाय लावून बोट ढकलत. लिसन ग्रोव्हला परत पाण्याशी उतरलो. लॉर्ड्स इथून जवळच, दोघं मित्र त्या दिशेला आशेने बघत होते, पण आम्ही बायकांनी पाहिलं न पाहिल्यासारखं केलं.

मग रीजंट्स पार्कच्या कडेने, प्राणिसंग्रहालयातल्या मोठ्या जाळीच्या पिंजऱ्याखालून. तिथे पूर्वी पक्षी होते, आता कोलोबस माकडं आहेत आणि तिकिटाशिवाय दिसतात. पुढे प्रिमरोझ हिल. टेकडी कसली, पर्वतीवर रोज चढणारा पुणेकर हसेल, पण वर गेलं की अख्खं लंडन समोर येतं.

टेकडीच्या पलीकडे किंग हेन्रीज रोडवर दहा नंबरचं घर. पुन्हा दहाच! १९२१-२२मध्ये डॉ. आंबेडकर इथे राहत होते. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सचा अभ्यास, शिवाय ग्रेज इनमध्ये बॅरिस्टरी. २०१५मध्ये महाराष्ट्र सरकारने घर विकत घेतलं. निवासी भागात संग्रहालय नको म्हणून वाद झाला आणि परवानगी २०२०मध्ये मिळाली.

तिथे मला सारखं महाड आठवत होतं. १९२७मध्ये चवदार तळ्याचं पाणी बाबासाहेबांनी ओंजळीत घेतलं, तेव्हा विरोधक कोर्टात गेले. त्यांचा आधार काय होता? वहिवाट. अस्पृश्यांनी या तळ्यावर यायचं नाही अशी परंपरागत वहिवाट आहे, असा दावा. दहा वर्षं प्रकरण चाललं आणि १९३७मध्ये मुंबई हायकोर्टाने सांगितलं की अनादिकाळापासूनची अशी वहिवाट सिद्ध झालेली नाही. यॉर्कशरच्या कुरणात ज्या तत्त्वाचं मी एवढं कौतुक करत होते, त्याच तत्त्वाचं फाटक करून आमच्या गावी माणसांना पाण्यापासून अडवलं होतं. लहानपणी त्या तळ्यावरून शाळेच्या सहलीत गेलो होतो, बाईंनी सत्याग्रह शिकवला होता, पण खटल्याचं कुणी बोललं नव्हतं. मी हे सगळं नवऱ्याला तिथल्या पायऱ्यांवर सांगितलं. मित्र म्हणाला, “वीस मिनिटांवर राहिलो असतो तरी मी इथे आलो नसतो. लंडन आयला मात्र प्रत्येक पाहुण्याबरोबर गेलोय.”

आता त्याला हुरूप आला होता. हायगेटला सावरकर राहिले ते इंडिया हाउस आजच उरकू, म्हणे. चॉक फार्महून नॉर्दर्न लाइन, कॅम्डन टाउनला गाडी बदलायची. बदलायला उतरलो खरे, पण मुलांना वरच्या बाजारातल्या खाण्याच्या गाड्यांची माहिती आधीच होती. ती सरकत्या जिन्याने वर गेली ती परत खाली यायला तयार होईनात. हायगेट राहिलं.