तुम्ही विचारलंत म्हणून: रोमन नाणीच का?

"आपली सातवाहनांची नाणी सोडून ही परक्या बादशहांची कसली हौस?" सुट्टीत घरी आलो की हे ठरलेलं, आणि इथे यॉर्कमधली मराठी मंडळीही तेच विचारतात.

सातवाहन मला आवडतात हो. नाशिकजवळ जोगळटेंभीला 1906 साली सातवाहनांनी हरवलेल्या क्षत्रप राजा नहपानाची 13,000हून अधिक चांदीची नाणी सापडली. बहुतेकांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने स्वतःचा ठसा मारलेला. हरलेल्याचा चेहरा असा झाकता येतो, जर त्याची नाणी हाती आली तर.

माझ्याकडे आहे तो रोमन राजपुत्र गेटाचा देनारियस, म्हणजे रोमनांचं चांदीचं नाणं. एका बाजूला पोरसवदा चेहरा, दुसऱ्या बाजूला शत्रूच्या शस्त्रांच्या विजयस्तंभाशेजारी उभा राजपुत्र. चांदी जेमतेम निम्मी, कारण बापाने, बादशहा सेप्टिमियस सेव्हेरसने, सैन्याचा पगार वाढवला आणि नाण्यातली चांदी घटवली. तो 211च्या फेब्रुवारीत याच गावात वारला. जाताना पोरांना सांगून गेला म्हणतात, एकोप्याने राहा. डिसेंबरात थोरल्या काराकालाने गेटाला आईच्या कुशीत मारवलं. मग नाव खोडायचा हुकूम निघाला. रोमच्या फोरममधल्या बापाच्या कमानीवरून गेटाचं नाव काढलं, वर दुसरा मजकूर बसवला. पण घराघरांत गेलेली चांदी कोण गोळा करणार? म्हणून तर गेटा आजही परवडतो.

हे सगळं मी दादाला सांगत होतो, जेवणानंतर. त्याने नाणं तळहातावर घेतलं, उलटंपालटं केलं. म्हणाला, "यातला थोरला मी का?" वहिनी ताटं उचलायला लागली. मी म्हटलं, "अरे, इतिहास सांगतोय."

"तू नुसता इतिहास कधी सांगितलायस?"

वाईच्या घराच्या वाटणीचे कागद तेव्हा माझ्या सहीसाठी थांबले होते. दुसऱ्या दिवशी स्टेशनपर्यंत तो फक्त इथल्या पावसाबद्दल बोलला. आता गणपतीला फोन होतो, तोही मुलांच्या हातात लगेच जातो.

माझ्या मनात तसलं काही नव्हतं, हे मी तेव्हा ठासून सांगत होतो. विक्रेत्याच्या ट्रेमध्ये ट्राजन बादशहा होता, हेड्रियनही होता, दोघं दिसायला जास्त देखणे. मी गेटा उचलला. आवडला म्हणून! यापलीकडे काय सांगू? पण हल्ली हे वाक्य माझं मलाच तोकडं वाटतं. आणि दादाला तरी एवढ्या गोष्टीत नेमका थोरलाच का टोचला?

सही अजून केलेली नाही. तिचा नि नाण्याचा संबंध विचारायचा असेल तर त्यालाच विचारा, त्याने तो केव्हाच लावलाय.